बाना मुटालेचं भांडं

आफ्रिकेच्या मध्यभागी ख्रिस्ताच्या सुवार्तेचं भवितव्य एके काळी एका भांड्यावर अवलंबून होतं. भांडं तामचिनीचं होतं, निळ्या काठाचं, दोन माणसांची भाजी मावेल एवढं, आणि ते एस्तेरवहिनींच्या फडताळात सगळ्यांत वरच्या फळीवर पालथं घातलेलं होतं. त्यावर क्रोशाचा रुमाल.

एका रविवारी शेंगांची टरफलं टाकायला काहीतरी हवं म्हणून मी उठून त्याच्याकडे हात केला.

“त्याला हात लावू नका, भावजी,” वहिनी चुलीपासून न वळता म्हणाल्या. “ते लोकांचं आहे.”

मी टरफलं खिशात टाकली.

मी तेव्हा झांबियाच्या उत्तर भागात एका सरकारी शाळेत गणित शिकवत होतो. ज्या देशात जाण्यासाठी मुलाखत दिली होती तो हा नव्हता, पण कंत्राटावर सही झाल्यावर नकाशा पाहायची आपल्याकडे पद्धत आहे. शाळेपासून सायकलनं थोड्या अंतरावर कासेंगा नावाचं गाव होतं, आणि त्या गावात रेव्हरंड शांतवन उजागरे, त्यांची पत्नी एस्तेर आणि मुलगी शलोमी हे अहमदनगरचं कुटुंब मिशनचं काम करत होतं. आधीचे स्कॉटिश मिशनरी म्हातारे होऊन मायदेशी गेले होते. जाताना विटांचं चर्च, दोन खोल्यांचा दवाखाना आणि बरीच भांडीकुंडी मागे ठेवून गेले होते.

उजागरे बुटके आणि सावळे. पहिल्यांदा सायकलवरून गावात आले तेव्हा लोकांना वाटलं, खरा मिशनरी मागून येतोय आणि हे त्याचं सामान बघायला पुढे आलेत. वर्षभर लोकांनी वाट पाहिली. मग नाद सोडला आणि ह्यांनाच मिशनरी मानलं.

मी दर रविवारी तिथं जेवायला जायचो. देवाशी माझं काही देणंघेणं नव्हतं, आणि हे मी पहिल्याच भेटीत पाळकसाहेबांना, म्हणजे उजागऱ्यांना, स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “हरकत नाही, मास्तर. त्याचं आहे.” मग त्यांनी बाजाची पेटी ओढली, तिघांनी मिळून मराठीत भजन म्हटलं, आणि प्रार्थनेत माझं नाव, गाव आणि कंत्राटाची मुदत देवाला नीट कळवण्यात आली. जेवण त्यानंतर. अन्न झाकून ठेवलेलं असे, त्यामुळे गारही होत नसे. माझ्या नास्तिकतेला धरायला कुठं जागाच मिळत नसे.

उजागऱ्यांचा दिवस म्हणजे पहाटे प्रार्थना, मग दवाखाना. तिथं नर्स म्हणून वहिनीच. नगरच्या मिशन इस्पितळात शिकलेल्या. पाळकसाहेब औषधं मोजून देत आणि प्रत्येक पुडीबरोबर एक वचन. लोक पुडी घेत, वचन ऐकून घेत. दुपारी ते सायकलवर वस्त्यांना जात. त्यांची बेम्बा, म्हणजे तिथली भाषा, पुस्तकातली होती, व्याकरणशुद्ध. म्हातारी माणसं ती आदरानं ऐकत आणि ते गेल्यावर एकमेकांना अर्थ विचारत. वहिनींची बेम्बा पाणवठ्यावरची. तिला नगरचा हेल होता, पण सगळ्यांना कळायची. तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्यामुळे वहिनी गावाच्या बाना शलोमी, म्हणजे शलोमीची आई. आणि गावच्या चीफची सून बाना मुटाले.

भांडं ह्या बाना मुटालेचं.

त्याचं असं झालं होतं. पहिल्या नाताळला वहिनींनी करंज्या, चकल्या, शंकरपाळे केले आणि नगरला वाटतात तशा ताटल्या झाकून घरोघर पाठवल्या. ताटल्या रिकाम्या परत आल्या. वहिनींना त्याचं फार वाईट वाटलं. पण चीफच्या घरची ताटली आलीच नाही. काही दिवसांनी तिच्याऐवजी हे निळ्या काठाचं भांडं आलं, भाजलेल्या शेंगदाण्यांनी शिगोशीग भरलेलं. वहिनी म्हणाल्या, ही बाई आपल्याकडची आहे. शेंगदाणे काढून घेतले, भांडं घासलं, आणि आत चकल्या भरून परत पाठवलं. ते रताळी घेऊन आलं. शंकरपाळे घेऊन गेलं. तीन पावसाळे ते भांडं त्या वाटेवर हेलपाटे घालत होतं, आणि माझ्या माहितीत त्या भागात तेवढीच एक वाहतूक वेळेवर चालत होती.

मग टंचाई आली. दुकानातून आधी साखर गेली, मग तेल, मग साबण, आणि शेवटी दुकानदार. गव्हाचं पीठ शहरातही दिसेना. नेमकं त्या सुमाराला भांडं शेंगदाणे घेऊन वहिनींकडे आलं होतं. ते तिथंच राहिलं.

“आता काय भरू त्यात?” वहिनी मला म्हणाल्या. मी ते भांडं तसंच परत देण्याबद्दल काहीतरी बोललो होतो. “रिकामं पाठवू? आमच्याकडं मयताच्या घरूनसुद्धा भांडं रिकामं जात नाही. चिमूटभर साखर तरी घालतात.”

“मग मका घाला. भोपळा घाला. घरात ढीग पडलाय.”

“तो कुणाचा आहे? पेशंट आणून टाकतात. त्यांच्याच शेतातलं त्यांनाच भरून द्यायचं? माझं काय त्यात?”

त्यांचं म्हणावं असं घरात एकच होतं, परसातली मेथी. ती गावातल्या बायकांनी एकदा चाखून पाहिली होती, आणि औषध चुकून त्यांच्याकडे आलं असं समजून दवाखान्यात परत आणून दिली होती.

त्यामुळे भांडं फळीवर चढलं, पालथं झालं, रुमाल पांघरून बसलं.

ह्याच काळात म्हातारा चीफ वारला आणि त्याचा मुलगा, बाना मुटालेचा नवरा, चीफ झाला. मिशनची जागा म्हाताऱ्याच्या शब्दावर होती. आता नव्या चीफनं गावाच्या सभेत पुन्हा शब्द द्यायला हवा होता. जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या सिकाझ्वे नावाच्या एका माणसाचा त्या जागेवर डोळा होता. त्याला तिथं बार काढायचा होता. चर्चची इमारत त्याला पसंत होती. आवाज चांगला घुमतो, म्हणाला. चीफनं नाही म्हटलं तर चर्च गेलं, दवाखाना गेला, आणि दुसरी जागा शोधायला पैसे नाहीत, तुम्ही परत या, असं मिशनच्या कचेरीनं उजागऱ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. दवाखाना तिथून हलला तर पुढचा दवाखाना बसनं दिवसभराच्या वाटेवर, आणि बसला डिझेल नव्हतं.

पाळकसाहेब निर्धास्त होते. म्हाताऱ्याच्या हाताचा फोडा त्यांनी स्वतः धुतला होता. मुलगा विसरणार नाही. शिवाय देव होताच.

मला खरी बातमी शाळेत कळली. चांडा नावाचे माझे सहशिक्षक कासेंग्याचेच. मधल्या सुट्टीत ते म्हणाले, “तुमच्या मिशनवाल्यांचं काही खरं नाही.”

मी कारण विचारलं.

“त्यांनी चीफच्या बायकोचं भांडं ठेवून घेतलंय.”

मी हसलो. चांडा हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. गेले कित्येक महिने बाना मुटाले वाट पाहते आहे. शेजारणीनं भांडं ठेवून घेतलं म्हणजे तिला आता येणंजाणं नको आहे. नव्या चीफची बायको झाल्यावर तर हे सगळ्या गावाला दिसलं. बायका तिला पाणवठ्यावर विचारतात, तुझी मैत्रीण काय म्हणते. आणि सिकाझ्वे ज्याला त्याला सांगत फिरतोय की जे साधं भांडं परत करत नाहीत ते जमीन काय परत करणार.

“मग मागून का नाही घेत?” मी म्हणालो.

चांडांनी माझ्याकडे, मी वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघतो, तसं पाहिलं. “दिलेलं भांडं मागायचं?” ते म्हणाले. “तुमच्याकडे मागतात?”

आमच्याकडेही मागत नाहीत. एका बाजूला रिकामं देता येत नाही म्हणून गप्प बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला मागता येत नाही म्हणून गप्प बसलेली बाई, आणि मधे एक बार.

मी त्याच संध्याकाळी सायकल काढली. पाळकसाहेब ओसरीवर सायकलची चेन साफ करत होते, वहिनी दवाखान्याच्या पट्ट्या उकळत होत्या. मी सगळं सांगितलं. वहिनींनी चिमटा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

“तिला असं वाटलं,” त्या म्हणाल्या. जमिनीबद्दल नव्हे.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता भांडं नेऊन द्या, सभा परवा आहे. वहिनींनी मान हलवली. इतक्या महिन्यांनी रिकामं भांडं द्यायचं म्हणजे तर तिच्या तोंडावर मारल्यासारखंच होईल.

पाळकसाहेबांनी चेन बाजूला ठेवली. ते शांतपणे शास्त्रातली गोष्ट सांगू लागले. दुष्काळ होता. एक विधवा होती. तिच्याकडे मूठभर पीठ होतं, आणि ते तिनं देवाच्या माणसाला दिलं. पुढे तिच्या घरचं मडकं कधी रितं झालं नाही. विश्वास ठेवावा.

“तिच्या घरी शेजारणीचं भांडं आलेलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी ह्यावर विचार केला. हा माणूस बायकोच्या बोलण्यावर विचार करायचा, आणि तेही समोर पाहुणा बसलेला असताना. मी त्यांचा मान ठेवायला लागलो तो त्यांच्या प्रवचनांमुळे नक्कीच नव्हे.

मग प्रार्थना झाली. शलोमीनं साखर मागितली, पाळकसाहेबांनी मार्ग मागितला, वहिनींनी ओठ हलवले पण काय मागितलं ते कळलं नाही. माझ्यासाठी सायकलला दिवा मागण्यात आला.

सभेच्या दिवशी सकाळी मी चांडांबरोबर जाणार होतो, पण आधी उजागऱ्यांकडे डोकावलो. पाळकसाहेब चर्चकडून येत होते. हातात एक पत्र्याचा डबा होता. तो मी ओळखला. व्यासपीठामागच्या कपाटात कुलपात असायचा. त्यात प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी, म्हणजे उपासनेत तुकडा तुकडा वाटतात तिच्यासाठी, राखलेलं गव्हाचं पीठ होतं. मिशनकडून वर्षातून एकदा यायचं, आणि टंचाईतही त्याला कुणी हात लावला नव्हता. शलोमीला ताप आला, तिला चपातीची आठवण झाली, तेव्हासुद्धा नाही.

ते स्वयंपाकघरात गेले आणि डबा ओट्यावर ठेवला.

“हे आपलं आहे,” ते म्हणाले. “म्हणजे त्याचं आहे. पण मधे आपण आहोत.”

वहिनी डब्याकडे बघत राहिल्या. “आणि येत्या रविवारी? भोजन कशावर देणार?”

“रताळं आहे.”

“रताळ्यावर चालतं?”

“विचारीन त्याला,” पाळकसाहेब म्हणाले, आणि कोट घालायला गेले.

तेल नव्हतं, साखर नव्हती. वहिनींनी कणीक तिंबली, तिखटमीठ घातलं आणि तव्यावर चपात्या भाजल्या. फळीवरून भांडं काढलं, फडक्यानं पुसलं. मी धरू का म्हणून विचारलं, नको म्हणाल्या. चपात्या चौघडी घालून आत रचल्या, वर तोच क्रोशाचा रुमाल घातला, आणि भांडं दोन्ही हातांनी बुडाशी धरून निघाल्या.

गावाची बैठक इन्साकात भरते. इन्साका म्हणजे गवती छपराचा, भिंती नसलेला मांडव. चीफ खुर्चीवर बसला होता, त्याच्या डावीकडे म्हातारी माणसं बाकांवर, उजवीकडे बायका चटयांवर. त्यांच्यात पुढे बाना मुटाले. उंच, धिप्पाड बाई. तिनं वहिनींकडे पाहिलं नाही. तिथं बसलेल्या कुणी पाहिलं नाही, ह्यावरून सगळ्यांनी पाहिलंय हे कळत होतं.

आधी पाळकसाहेब बोलले. पुस्तकी बेम्बात, फार सुंदर. म्हातारे माना डोलावत होते. चांडा माझ्या कानात म्हणाले, “आमच्या आजोबांचे आजोबा असं बोलत असतील.”

मग सिकाझ्वे उठला. त्यानं शर्टाला इस्त्री केली होती. त्या दिवसांत इस्त्री म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे ऐपत. तो थोडंच बोलला. बार आला की गावात पैसा येईल, रस्ता येईल. आणि मग म्हणाला, “ह्या मिशनची रीत सांगतो. हे लोक घेतात आणि ठेवून घेतात. गावानं दिलेलं ह्यांच्याकडून परत आलेलं कुणी पाहिलंय का? जमिनीचं सोडा. चीफच्या घरचं भांडं कुठं आहे, ते विचारा.”

पाळकसाहेब उत्तर द्यायला उठले, पण वहिनी आधीच उठल्या होत्या. त्या भांडं घेऊन बायकांच्या बाजूला गेल्या, चीफकडे नाही, आणि बाना मुटालेसमोर गुडघ्यांवर बसल्या. तिकडच्या बायका बसतात तशाच. भांडं खाली ठेवलं. अगदी जपून, सरळ, बूड जमिनीला टेकवून.

“इथं आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं खरं आहे. ठेवून घेतलं मी. आमच्याकडं भरून आलेलं भांडं रिकामं देत नाहीत, आणि माझं म्हणावं असं माझ्या घरात काही नव्हतं. जे होतं ते तुम्हीच दिलेलं होतं.”

बाना मुटाले बघत राहिली. “इतके दिवस,” ती म्हणाली, “ह्यासाठी?”

“ह्यासाठी.”

“मग येऊन सांगायचं.”

“कसं सांगणार, माझ्याकडं काही नाही म्हणून? तू लगेच काहीतरी भरून पाठवलं असतंस. मग दोन भांडी झाली असती.”

मागच्या चटईवर एक म्हातारी होती, ती हसली. मग तिच्या शेजारची. हसू चटयांवरून बाकांपर्यंत गेलं, आणि वाटेत सिकाझ्वे खाली बसला.

बाना मुटालेनं रुमाल बाजूला केला. एक चपाती उचलली, तुकडा मोडून खाल्ला, बराच वेळ चावला.

“मीठ जास्त झालंय,” ती म्हणाली, आणि उरलेली चपाती शेजारणीकडे दिली.

चीफ तरुण होता, पण त्याला बापाचा गंभीर चेहरा मिळाला होता. तो म्हणाला, एक भांडं परत करायला जी माणसं इतका विचार करतात, ती जमीन घेऊन कुठं पळून जातील असं त्याला वाटत नाही. मिशन आहे तिथं राहील. मग त्यानं पुढचा विषय काढला. तो एका बकरीचा होता आणि त्याला बराच वेळ लागला.

रविवारी प्रभुभोजन रताळ्यावर झालं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. चर्च भरलं होतं. बाना मुटाले पहिल्यांदाच आली होती, तीही पुढच्या बाकावर. पाळकसाहेबांनी रताळं मोडलं आणि एकदा वर पाहिलं. वरून काही आक्षेप आला नाही. आठवड्यानं भांडं शेंगदाणे घेऊन परत आलं.

माझं कंत्राट संपलं, मी पुण्याला परतलो, कॉलेजात चिकटलो. उजागरे तिथं आणखी बरीच वर्षं होते. परत आल्यावर पाळकसाहेब फार दिवस जगले नाहीत. शलोमी डॉक्टर झाली. वहिनी नगरला मिशन कंपाउंडमागे दोन खोल्यांत राहत होत्या, तिथं मी एकदा भेटायला गेलो. दारात म्हणाल्या, “सलाम, भावजी,” आणि आत गेल्या. त्यांनी चिवडा आणला तो त्या निळ्या काठाच्या भांड्यात.

“हे तुमच्याकडे कसं?”

“निघायच्या दिवशी तिनं शेंगदाणे भरून आणलं. गाडी सुटायला आलेली. भरून परत द्यायला वेळच मिळाला नाही.” त्यांनी चिवडा माझ्याकडे सरकवला. “तिचं राहिलंय माझ्याकडं.”

चिवडा संपला. मी भांडं विसळायला मोरीकडे नेलं आणि पालथं केलं. बुडाशी काळ्या अक्षरांत काहीतरी होतं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“वहिनी, हे तर—”

“हो,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा घासलं तेव्हाच दिसलं होतं.”

“मग त्या दिवशी सभेत नुसतं उलटं करून दाखवायचं होतं. तो सिकाझ्वे एवढा बोलत होता.”

“तिच्या घरून भरून आलेलं. तिचंच ते.”

“पाळकसाहेबांना माहीत होतं?”

“छे. त्यांना कशाला सांगू? त्यांनी खरं बोलून टाकलं असतं.”

मी खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं. कासेंगा मिशन दवाखाना, असं इंग्रजीत होतं. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत: बाहेर नेऊ नये.